नायट्रस आणि बारीक जेट

धुळ्याला माझ्या मेहुण्याचं गॅरेज होतं. शर्यतीसाठी त्याने माझ्या गाडीला इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या नायट्रस गॅसचा सिलिंडर जोडला आणि बजावलं, "दाजी, हा गॅस सोडला की पेट्रोलही जास्त लागतं. कमी पडलं तर पिस्टन वितळेल. ॲव्हरेजच बघायचं असेल तर एसटीने जा!"

पण पेट्रोल वाचवायला कार्बोरेटरमध्ये बारीक भोकाचा जेट टाकायची आमच्याकडे सगळ्यांनाच सवय. मीही त्याला न सांगता टाकला. जळगाव रस्त्यावर गॅस सोडताच इंजिन बसलं.

गाडी त्यानेच उघडली. जेट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत उघडं कसं पाडणार? "फिटिंग माझंच चुकलं," तो म्हणाला. मी होकारार्थी मान डोलावली. गिऱ्हाइकं तुटली, गॅरेज बंद पडलं.

त्याचं काम चोख होतं. हे वाचायला आता तो नाही.