समेटाचा फेटा

माझ्या चुलत्यांच्या डोक्यावरचा फेटा मी भर जत्रेत कात्रीने कापला. आमच्या भागात यावर अजून बोललं जातं, बहुतेक वेळा मी समोर नसताना. म्हणून जे झालं ते एकदा सरळ लिहून ठेवते.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात काम करते. पदवी नर्सिंगची, पण नेमणूक मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागातल्या संशोधनात. डोक्याला मार लागलेला माणूस गावाकडून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायला उशीर का होतो आणि वाचला तर पुढे त्याच्या आठवणीचं, झोपेचं, रागाचं काय होतं, हे आम्ही पाहतो. डॉक्टर कवटी उघडतात. मी नंतर त्या माणसाच्या बायकोशी नाहीतर आईशी बोलत बसते.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत गेलं नव्हतं. दहावी झाल्यावर वडील म्हणाले, पुरे झालं. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, दुसऱ्या दिवशी मला मोटरसायकलवर बसवून जुन्नरला घेऊन गेले आणि सायन्सला नाव घालून आले. संध्याकाळी वडिलांसमोर उभे राहून म्हणाले, "घातलं नाव. आता मारायचं तर मला मार." आज मी जी काही आहे ती त्या एका वाक्यामुळे आहे, हे मी कधी विसरले नाही.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या अलीकडे. चैत्रात जत्रा असते आणि जत्रेत बैलगाड्यांची शर्यत. जोड्या जुंपून गाडा घाटात सोडायचा. घाट म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी. सगळ्यात कमी सेकंदांत जो वर पोचेल तो घाटाचा राजा. त्या वर्षी तात्यांचा गाडा आणि नदीपलीकडच्या गावाचा गाडा यांच्यात एका पापणीचा फरक पडला. घड्याळ आमच्या बाजूने होतं. पलीकडचे म्हणाले, निशाण पडायच्या आधीच तुमचे बैल सुटले.

काकी आणि मी बायकांच्या बाजूला मांडवाखाली बसलो होतो. तिथून सगळं दिसत होतं. माईकवरचा माणूस "शांत राहा मंडळी" म्हणत होता. कुणीतरी माईक हिसकावला आणि त्याच माईकने त्याच्या तोंडावर मारलं. दात तुटल्याचा तो आवाज भोंग्यातून सगळ्या माळावर ऐकू आला. मग काठ्या निघाल्या. ज्या काठ्यांनी बैल आवरायचे, त्याच. तात्या सोडवायला मध्ये गेले. पलीकडच्या एका तरण्या पोराने, टोकाला लोखंडी कडी बसवलेली काठी दोन्ही हातांनी फिरवली, ती तात्यांच्या उजव्या कानशिलावर बसली. ते गुडघ्यावर आले आणि तोंडावर पडले. माझा दंड धरून काकींनी नखं रुतवली.

आम्ही गर्दीतून तिथे पोचेपर्यंत तात्या उठून बसले होते. चेहरा गुलाल आणि मातीने माखलेला. "बैल धरले का?" एवढंच ते विचारत होते. लोक हसले. जिवात जीव आला.

मग दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एका बाजूला गेली. कितीतरी वर्षं बंद असलेली शर्यत पुन्हा सुरू झाली होती. मारामारीची तक्रार झाली की पुढच्या वर्षी परवानगी मिळायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे अशा वेळी एक रीत आहे. ज्यांच्या माणसाने मारलं, त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने मार खाल्लेल्याला आपल्या हाताने फेटा बांधायचा. फेटा बांधला की समेट झाला. मग तो मार झालाच नव्हता. कुणी विचारलं तर माणूस पडला.

पलीकडच्या गाड्याचे मालक, पांढऱ्या मिशांचे आजोबा, त्यांनी तात्यांना खुर्चीत बसवून फेटा बांधला. चांगला आवळून, जखमेवरूनच. मारणारा पोरगा पाया पडला. तात्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. भोंग्यातून सांगितलं गेलं, "आपसांतला विषय मिटलेला आहे." मग विजेत्यांचे सत्कार सुरू झाले.

माझं मात्र लक्ष तात्यांवर होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, "बैल धरले का?" मी म्हटलं, "धरले, तात्या." थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग म्हणाले, "डोकं लई ठणकतंय गं." आणि सत्काराच्या टेबलाशेजारीच भडाभडा ओकले.

"ऊन लागलंय," कुणीतरी म्हणालं.

"ऊन कसलं राव, सकाळीच घेतली असंल."

तात्या आयुष्यात दारूला शिवले नव्हते. मी खाली बसून त्यांचे डोळे पाहिले. उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी दिसत होती. असे डोळे मी कामावर पाहिले आहेत. कवटीच्या आत रक्त साठत जातं, माणूस सुरुवातीला चांगला बोलतो, हसतो, म्हणून घरचे निर्धास्त होतात. मग मेंदू दबायला लागतो.

मी चुलत भावाला, तात्यांच्या मुलाला, म्हटलं, "दादा, गाडी काढ. आत्ता. डोक्यात रक्तस्राव होतोय."

तो गोंधळला. "आत्ता? सत्कार चाललाय. मधनंच उठून गेलो तर ते म्हणतील समेट मोडला. अर्धा तास थांब की."

"अर्ध्या तासाने तुझा बाप नसेल."

"आली बघा पुण्याची डाक्टरीण," मागून आवाज आला.

"डाक्टर कुठली, नर्स हाय ती. सलाईन लावती."

लोक हसले. मी म्हटलं, फेटा काढून जखम तरी बघू द्या. ते ऐकून आजोबांचा चेहरा बदलला. "पावणं," ते दादाला म्हणाले, "पोरीला आवरा. म्या बांधलाय तो फेटा. दुसऱ्या हातानं सुटला तर आमी काय समजायचं?"

दादाने माझा हात धरला. टेबलावर हारांची दोरी कापायची कात्री पडली होती. मी हात सोडवून घेतला, कात्री उचलली आणि कानामागून फेटा कापत गेले. कापड सुटलं, आतलं रक्ताने चिकटलेलं होतं ते ओढून काढलं. कानाच्या वर मुठीएवढी मऊ सूज. बोट लावलं तर पिकलेल्या टोमॅटोसारखी आत गेली. आता सगळ्यांनी पाहिलं.

मग आमच्याकडचा एकजण ओरडला, "हे बघा, ह्याला मिटलं म्हणत्यात!" आणि खुर्ची भिरकावली.

पुढचं मी तुकड्यातुकड्यांत पाहिलं. मारणाऱ्या पोराला आमच्या माणसांनी मांडवाच्या खांबाशी गाठलं आणि लाथांनी तुडवलं. तो हात जोडत होता तर हातावर काठ्या घातल्या. बोटं उलटी वळलेली मला दिसली. आजोबांना कुणीतरी ढकललं, ते दगडावर आदळले. सुटलेला बैल गर्दीत घुसला. हे सगळं मी फेटा काढल्यामुळे झालं, असं लोक म्हणतात. खोटं नाही. पण काढला नसता तर तात्या त्याच खुर्चीत, हसत, सत्कार घेताना गेले असते.

आता मात्र दादाने पिकअप आणली. रोज टोमॅटोचे क्रेट नेणारी. मागे गादी टाकून तात्यांना झोपवलं. काकी, मी आणि दोन भाऊबंद. नारायणगावच्या रस्त्याला लागलो आणि तात्या उठले. म्हणजे ते तात्या नव्हते. डोळे उघडे, पण ओळख नाही. त्यांनी एका भाऊबंदाचा गळा धरला. मी सोडवायला गेले तर माझ्या तोंडावर ठोसा बसला, ओठ फाटला. काकींनी हात धरला, त्यांनी काकींच्या मनगटाचा चावा घेतला आणि सोडेचनात. ज्या शिव्या मी त्यांच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या त्या ते बायकोला देत होते. आम्ही चौघे त्यांच्या अंगावर बसलो. "दाबू नका, छाती दाबू नका," मी रक्त थुंकत ओरडत होते. मग ते एकाएकी ढिले पडले. भाऊबंद म्हणाला, "झाले शांत." ती शांतता मला आधीच्या मारापेक्षा भयंकर वाटली.

हायवेवरच्या रुग्णालयात त्या दिवशी पुण्याहून मेंदूचे सर्जन तपासणीला आलेले होते. हे आमचं नशीब. स्कॅन लावता लावता त्यांनी विचारलं, "कशाने लागलं?"

दादा म्हणाला, "पडले."

तो ठरलेला शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमच्या विभागाचे सर अनेकदा विचारायचे, तुमच्या जुन्नर-आंबेगावकडचे पुरुष चैत्र-वैशाखात इतके पडतात कसे? मलाही उत्तर सुचायचं नाही. ऊन, विहिरी, झाडं, काहीतरी सांगायचे. मी स्वतः बायकांसमोर बसून कितीदा तरी 'पडले' असंच उतरवून घेतलं होतं.

"पडले नाहीत," मी म्हटलं. "लोखंडी कडीच्या काठीचा फटका. उजव्या कानशिलावर. मग चांगले बोलत होते, मग उलटी, मग आम्हालाच मारहाण, आता प्रतिसाद नाही."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या जागी त्याने मला मारलं असतं. सर्जन घाईने आत गेले.

मी बाहेर बाकावर बसले. काकी मनगटाला रुमाल गुंडाळून शेजारी. त्यांना काही कळत नव्हतं ते बरं. मला आतली प्रत्येक गोष्ट दिसत होती. आता डोकं भादरलं असेल. आता कातडी कापून मागे ओढली असेल. आता ड्रिल. हाड भाजल्यासारखा वास येतो तेव्हा. हाडाचा तुकडा उचलला की खाली काळं, थिजलेलं रक्त. जीव वाचवायचा तरी माणसाला किती फोडावं लागतं. दुसऱ्यांच्या बाबतीत हे मी कितीदा जवळून पाहिलं होतं, पण त्या दिवशी बाकाची कड धरून बसले.

सर्जन बाहेर आले. "वेळेत आणलंत. रक्ताची गाठ काढली. पण मेंदूच्या पुढच्या भागालाही आतून मार आहे. तो मला काढता येत नाही."

तात्या वाचले. पोलीस केस झाली. मारणाऱ्या पोराची बोटं वाकडीच राहिली, आमच्याकडच्या माणसांवरही गुन्हे दाखल झाले आणि पुढच्या वर्षी शर्यतीला परवानगी मिळाली नाही. गावात मला 'घाट बंद पाडणारी' म्हणतात.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर तात्या तपासणीसाठी आमच्या रुग्णालयात आले. चालणं ठीक, बोलणं ठीक. नात्यातल्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नसते, म्हणून माझी सहकारीण विचारत होती. काकींनी हट्ट धरला म्हणून मी नुसती बसले होते.

"राग पहिल्यापेक्षा जास्त येतो का?"

काकींनी तात्यांकडे पाहिलं.

"सांग की," तात्या म्हणाले. "मी काय बिबट्या हाय व्हय?"

काकींनी पदर बाजूला केला. खांद्यापासून कोपरापर्यंत काळं-निळं. "भाकरी करपली म्हणून," त्या माझ्या सहकारिणीला म्हणाल्या. "आन् लाडका बैल व्हता, त्याचा डोळा फोडला. परवा उलथनं तापवून माझ्या अंगावर आलं व्हतं. सूनबाई मधी पडली."

तात्या उठले. त्यांनी पाण्याचा जग भिंतीवर फोडला आणि काकींच्या केसांना हात घातला. दादा आणि मी मध्ये गेलो. "तू!" ते माझ्यावर ओरडले. "तू कापलास फेटा! मरू द्यायचा व्हता मला खुर्चीत!" सुरक्षारक्षकांनी धरलं, इंजेक्शन दिलं.

डॉक्टरांनी समजावलं. मेंदूचा पुढचा भाग रागाला लगाम घालतो, तो लगाम दुखावला आहे. औषधांनी आणि सरावाने पुष्कळ सुधारतं, पण काही दिवस ठेवून घ्यावं लागेल. दादा म्हणाला, "गावात काय सांगायचं? येड्यांच्या वॉर्डात टाकलं म्हणून?"

काकींनी केस नीट बांधले. "आज मी त्यांना घरी नेत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुला न्यायचं तर तुझ्या खोलीत ठेव." आजवर किती बायकांसमोर मी बसले असेन, पण हे वाक्य कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं.

तात्यांना वॉर्डात न्यायला मी सोबत गेले. इंजेक्शनची गुंगी उतरत होती. पलंगावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "तिचा हात. म्या केलं ते?"

"हो, तात्या."

"मला आठवत न्हाई."

"माहीत आहे मला. पण तुम्हीच केलं."

त्यांनी दाराकडे मान वळवली.

"ह्याला कडी कुठून हाय?"

"दोन्हीकडून."

"मग जाताना भाईरनं लाव," ते म्हणाले.

मी लावली.