नानांच्या पोटातली गाठ

ज्यांनी ज्यांनी ग्रुपवर 'कॅन्सरशी झुंज अपयशी' असं टाकलंय, त्यांनी ते आधी डिलीट करा.

माझ्या वडिलांना कॅन्सर नव्हता.

नव्हता म्हणजे नव्हता. नाना काल हार्ट अटॅकने गेले. पण कॅन्सर आहे असं समजून गेले, आणि हे माझ्या घशाखाली उतरत नाहीये.

शिंदखेड्यात नानांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. तोंड एकदम फाटकं. कोणी विहिरीवरची मोटर आणली की नुसता वास घेऊन सांगायचे, "जळी गई भो, आशा सोडी दे."

अशा माणसाशी आम्ही बठ्ठे, घरातले सगळेच, खोटं बोललो.

माझ्याकडे जळगावला, पिंप्राळ्यात, आलेले असताना त्यांचा मुतखडा दुखायला लागला. सोनोग्राफी केली. खडा किरकोळ निघाला, पण स्वादुपिंडाच्या टोकाला गाठ दिसली. मग सीटी स्कॅन.

डॉक्टरांनी नानांना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हाला आत घेतलं. "ट्यूमर वाटतोय. नाशिकला दाखवा."

आबा, म्हणजे माझे मोठे काका, तिथेच म्हणाले, "त्याला कळू द्यायचं नाही. हाय खाईल."

आमच्याकडे असंच असतं. पेशंट सोडून अख्ख्या गावाला माहीत.

"काय म्हणे डॉक्टर?" नानांनी विचारलं.

"काही नाही नाना, साधी सूज आहे," मी हसत सांगितलं.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. साक्रीची आत्या आली, नानांचे पाय दाबत बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. सण नाही वार नाही, आईने खापरावरचे मांडे केले. नाना कोणावर खेकसले तरी कोणी उलटून बोलेना.

माणूस काय आंधळा असतो?

नाशिकला आम्ही ऑपरेशनची तारीख घ्यायलाच गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी सीटी पुन्हा पुन्हा पाहिला. म्हणाले, "ही गाठ अगदी प्लीहेसारखी दिसतेय. कापायच्या आधी एक स्कॅन करू."

नानांचंच थोडं रक्त काढलं, त्यातल्या पेशी गरम करून, स्कॅनमध्ये दिसेल अशी खूण करून परत अंगात सोडल्या. अशा पेशी प्लीहा ओढून घेते. गाठीनेही ओढल्या.

"ट्यूमर नाही. प्लीहेला पांथरी म्हणतो ना आपण, तिचाच जादा तुकडा आहे. जन्मापासूनचा. बहुतेकांचा पांथरीजवळ असतो, यांचा स्वादुपिंडात जाऊन बसलाय. ऑपरेशन नको, काही नको. घरी न्या, छान खाऊपिऊ घाला."

मी हमसून हमसून रडले. आई तर डॉक्टरांच्या पाया पडायला वाकली.

आणि तसेच, लाल डोळ्यांनी, आम्ही बाहेर आलो. नाना बाकावर होते.

"नाना, काही नाहीये. खरंच काही नाहीये. ऑपरेशन पण नको म्हणाले, घरी चला."

"हा माय," एवढंच म्हणाले.

घरी परत तेच. आत्या धावत आली, पुन्हा रडली, आता आनंदाने. आईने पुन्हा मांडे घातले. आबांनी सगळ्या भाऊबंदांना जेवायला बोलावलं. नाना पाटावर बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

नंतर दुकानात मला म्हणाले, "ऑपरेशनले नही सांगी दी त्यासनी. माले समजनं. मी लहान शे का?" दुखणं ऑपरेशनच्याही पलीकडे गेलंय, असंच त्यांनी धरलं होतं.

मी सगळं खरं सांगितलं. आधी ट्यूमरचा संशय होता, तुमच्यापासून लपवला, आता तो खोटा निघाला. रिपोर्ट हातात दिला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"तवय भी तू असंच सांगं व्हतं, माय."



नानांच्या हृदयात आधीच स्टेंट होता. रक्त पातळ करायची गोळी रोजची. "नाना, गोळी घेतली?" "घेतली." आई विचारायची, मी फोनवर विचारायचे. उत्तर एकच.

काल मी माहेरीच होते. सकाळी दुकानात त्यांच्या छातीत कळ आली. गाडीत घालून धुळ्याला निघालो. शर्टाची बटणं सोडताना खिशातून गोळ्यांची पाकिटं निघाली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"का नाही घेतल्या हो नाना?"

"आते कसाले, माय."

मी किंचाळले. देवाची शपथ घेतली. माझ्या लेकराची शपथ घेतली, जी मी आयुष्यात कधी घेतली नाही. "नाही हो नाना कॅन्सर, नाहीये तुम्हाला, कसं सांगू मी तुम्हाला?"

त्यांना बोलवत नव्हतं. तरी हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"बरं माय. नही शे ते नही शे. तू रडू नको."

माझी समजूत काढत होते. पटलेलं नव्हतं त्यांना, मला दिसत होतं.

धुळं यायच्या आधीच तो हात खाली पडला.

नाना, लेकीचा शेवटचा नमस्कार घ्या.