कोट, टाय आणि मोठे साहेब

माणूस ओळखण्यात मी आजवर कधी चुकलेलो नाही, असं माझं मत आहे. या मताला घरात दुसरं मत मिळालेलं नाही, ती गोष्ट वेगळी. पस्तीस वर्षं कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीची ड्युटी केली. बूट बघून सांगायचो, हा मॅनेजर, हा ठेकेदार, हा नुसताच कुणाचा तरी मेहुणा!

आमची लेक सायली तळवड्याच्या एका कंपनीत मशीन मेंटेनन्सला आहे. त्या खात्यात एकटी मुलगी! कंपनीने तिला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी जपानला पाठवायचं ठरवलं. पण मी नन्नाचा पाढा लावला होता, म्हणून तिच्या हेडनीच घरी येऊन बोलायचं ठरवलं. सकाळी ड्युटीवर जाताना सायलीने मला मेसेज केला, ‘हेड दहाच्या लोकलने येतायत. चिंचवड स्टेशनवर घ्यायला जा. तुमचा नंबर दिलाय.’ नंतर तिचा मोबाइल कंपनीच्या लॉकरमध्ये आणि मी इस्त्रीच्या शर्टात. मोठ्या साहेबांसमोर फोन वाजायला नको, म्हणून मी माझा फोन सायलेंटवर टाकला. (हुशारी ही अशी!)

लोकल आली. गर्दीत एकच माणूस उठून दिसला. कोट, टाय, चकचकीत काळे बूट. मी पुढे झालो, तेवढ्यात सुती ड्रेसमधली, तुटलेली चप्पल हातात धरलेली एक बाई आडवी आली.

"काका, तुम्ही कुणाला घ्यायला आलात का?"

"हो, मोठ्या साहेबांना! जरा बाजूला व्हा, बाई."

साहेबांना गाठून विचारलं, "तळवड्याच्या कंपनीत जायचंय ना?"

"हो, सर!"

मला 'सर'! एवढा मोठा माणूस, पण किती नम्र!

"आधी घरी चला. चहापाणी घेऊ, मग पुढचं बोलू."

साहेब निमूटपणे स्कूटरवर मागे बसले.

घरी मंगलने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पोहे दिले. साहेबांनी दोन प्लेट संपवल्या. एवढ्यात दारात तीच चप्पलवाली बाई! ही फिनेल विकणारी असणार, हे मी लांबूनच ओळखलं. "आज काही नको हो!" म्हणून दार लावणार, तोच मंगल म्हणाली, "अहो, पाय भाजले असतील तिचे. आत तर येऊ द्या." आणि तिला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. थोड्या वेळाने मंगल बाहेर येऊन माझ्या कानाशी लागली, "अहो, जरा ऐका..."

"साहेबांसमोर मध्ये बोलू नकोस!" मी दबक्या आवाजात दटावलं. ती गेली. जाताना हसत होती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

"साहेब," मी सुरुवात केली, "आता सगळं तुमच्या हातात आहे."

"नाही सर, सगळं तुमच्याच हातात आहे! मला कोणतीबी शिफ्ट चालते."

"आता ते जपानचं काय ते सांगा."

"जपान?" साहेबांनी टाय सैल केला. "सर, जाहिरातीत तर तळवडेच लिहिलं होतं! पण... तिथंबी जाईन."

"तुम्हीही जाणार? मग चिंताच मिटली! आमची सायली तुमच्या पदरात टाकली बघा. सांभाळून घ्या."

साहेब ताडकन उभे राहिले. "सर, माझं लग्न झालंय!"

स्वयंपाकघरात दोन बायका एकदमच खळखळून हसल्या. मंगलच्या चपला घालून ती बाई पदरासारखी ओढणी खोचून, पिठाळ हातांनी बाहेर आली.

"काका, सायलीची हेड मी. सात वेळा फोन केला तुम्हाला. शेवटी ऑफिसमधून पत्ता घेऊन आले. आणि हे बहुतेक कुठेतरी इंटरव्ह्यूला निघालेत."

ते खरंच होतं. अमोल नाव त्याचं, परभणीचा. कोट मेहुण्याचा, बूट मित्राचे. त्याला वाटलं, कंपनीनेच न्यायला माणूस पाठवला आणि पहिला राउंड घरीच असतो! इंटरव्ह्यू बारा वाजता होता आणि पावणेबारा झाले होते. मी अशी स्कूटर हाणली, की त्याचा टाय माझ्या कानाला फटके मारत होता. गेटवर पोचेपर्यंत बारा वाजून गेले. वॉचमनसमोर मी हात जोडले, "भावा, चूक माझी आहे, पोराला आत सोड." आयुष्यभर लोकांनी माझ्यासमोर हात जोडले होते. त्या दिवशी फिटंफाट झाली. पोराला आत सोडलं आणि आठवड्याने ‘नोकरी लागली’ असा त्याचा फोनही आला.

घरी परतलो, तेव्हा मॅडम आणि मंगल पुऱ्या खात बसल्या होत्या. जपानचं मंगलने परस्पर ठरवूनही टाकलं होतं!

"काका," मॅडम म्हणाल्या, "आमचं एक मशीन सारखं बंद पडायचं. भलेभले बघून गेले, सगळ्यांनी बाहेरून चकाचक असलेले पार्ट पास केले. सायलीने खोलून आतली चीर दाखवली. अशी नजर घरातूनच येते."

मी मिशीवरून हात फिरवला. छाती इस्त्रीच्या शर्टात मावेना.

"अगदी आईवर गेलीय हो पोरगी!" मॅडमनी वाक्य पूर्ण केलं.

तरी मी कॉलर ताठच ठेवली. लेक माझी, बायकोही माझीच. आणि अशी बायको पहिल्याच भेटीत एका नजरेत पसंत केली कुणी? मीच ना! (पोह्यांचा ट्रे तेव्हा मंगलच्या मावसबहिणीने आणला होता आणि मी होकार तिलाच बघून दिला होता, हे तेवढं मंगलला सांगू नका!)