बंबमिस्त्रींचा हात

भेटल्यावर नमस्कार-चमत्कार करायची बंबमिस्त्रींना सवयच नव्हती. ते सरळ समोरच्याचं मनगट धरायचे, डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि निदान सांगून मोकळे व्हायचे. "कणकण आहे अंगात, आज आंघोळ करू नका." "ताप उतरला, पण दही खाऊ नका." पहिल्या भेटीत त्यांनी माझं मनगट धरलं तेव्हा मला रागच आला. मी सहकारी राइस मिलचा सचिव, कॉमर्सचा पदवीधर, आणि खांद्यावर पान्ह्यांची पिशवी टाकलेला हा माणूस मला म्हणतो, "पित्त आहे तुमाले. चहा लय पेता." चहा मी खरोखरच लय पीत होतो, हा भाग वेगळा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. सानगडीच्या अलीकडे फाट्यावर आमची मिल. धान थंड पाण्यात तीन दिवस भिजवून, मग वाफवून उसना म्हणजे उकडा तांदूळ करायचा, ही आमची रीत, आणि त्या हौदांचा आंबूस वास असा सुटायचा की व्यापारी नाकाला रुमाल लावून भाव पाडायचे. पाणी गरम ठेवलं तर वास येत नाही असं कळलं, म्हणून मिस्त्रींना बोलावलं. ते भंडाऱ्याचे, पिढीजात तांब्याचे बंब घडवणारे. घराघरात स्टोव्ह आले तशी बंबाची मागणी गेली, आणि हे मिलमिलमध्ये पाइप जोडत फिरू लागले. नाव मात्र बंबमिस्त्रीच राहिलं.

आमचा बॉयलर तुसावर चालणारा. तूस टाकलं की भडकायचा, घटकाभरात गार पडायचा. मिस्त्रींनी तो दिवसभर नुसता बघितला. दुसऱ्या दिवशी भंगारातून दोन पुरुष उंच तेलाची टाकी आणून उभी केली, भोवती बांबूचा तट्टा बांधून मधल्या पोकळीत तूस ठासलं. मी विचारलं, ही कशाला? ते म्हणाले, "धान ढोलीत साठवता ना? कापणी एकदा, खाणं वर्षभर. तशी ही गरमीची ढोली. बॉयलरनं आपल्या मर्जीनं भरावी, आपण आपल्या मर्जीनं काढावी."

त्या टाकीतून त्यांनी तीन पाइप काढले. तापलेलं पाणी वर चढून बसतं, म्हणून वरच्या पाइपातलं पाणी तांदूळ वाळवायच्या जाळ्यांना. मधलं हौदात, धान भिजवायला. खालचं बियाण्याच्या खोलीत. तिथे फरशीखाली पाइप पसरले होते आणि परतीचं गार पाणी मिसळायला एक कॉक होता. हौदाच्या पाण्याने बोट पोळायचं. बियाण्याच्या पाण्याची मात्र फक्त ऊब लागायला हवी, नाहीतर दाण्यातला जीव जातो. "तान्ह्या लेकराच्या आंघोळीचं पाणी," असं त्यांचं माप. पाइपवर पंजा ठेवायचे, तोंडाने मोजायचे आणि कॉक केसभर फिरवायचे. मी नागपूरहून थर्मामीटर आणला होता. तो त्यांनी खिळ्याला टांगला. "काच आहे, फुटते. हात फुटत नाई." पुढे तो पोळ्याच्या साफसफाईत फुटलाच, आणि मीही दुसरा आणला नाही. मिस्त्री होते ना!

त्यांच्या बिडीची मी फार थट्टा करायचो. बोलण्याच्या नादात ती बोटांपर्यंत जळत यायची, कातडीचा वास सुटायचा आणि यांना पत्ता नसायचा. मी म्हणायचो, मिस्त्री, तुम्ही बिडी पिता की बिडी तुम्हाला पिते? ते हसून हात बाहीत ओढून घ्यायचे. भर उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचा सदरा का घालतात, हे विचारायचं काही मला सुचलं नाही. डोळे असून आंधळा म्हणतात, तो मी.

त्या वर्षी दिवाळीनंतर पाऊस आला. कापलेल्या धानाचे पुंजणे बांध्यांत, म्हणजे खाचरांत, रचलेले, आणि वरून आठ दिवस धार. पुंजण्यात हात घातला की आत वाफ लागायची, दाण्यांना कोंब फुटू लागलेले. खायचं धान आम्ही उसनं करून कसंबसं वाचवत होतो. पण चाळीस घरांचं बियाणं ओलं होतं, आणि लुचई धानाचं तसलं बी दुसरीकडे कुठे मिळणार? आजे-पणजांपासून घरोघर राखलेलं. ते गेलं की पुढच्या साली बांध्यांत काय टाकायचं, कोणालाच माहीत नव्हतं. बायका पदराखाली टोपल्या झाकून मिलमध्ये आल्या. मिस्त्रींनी प्रत्येकीला सांगितलं, बी वाचवून देतो.

खोली लहान. म्हणून निम्मं बियाणं आधी पसरलं. दार उघडलं तर ओली हवा शिरते, तेव्हा आत कोणी यायचं नाही, असा त्यांचा हुकूम. तेच आत जात, फावड्याने दाणे खालीवर करत आणि घामाघूम होऊन बाहेर येत. मी विचारलं, फार गरम तर नाही ना होत? म्हणाले, उमस आहे. चेहऱ्याला काय लागतं त्यापेक्षा हाताला काय लागतं ते खरं, असं मानणारा माणूस. आणि आम्ही सगळे त्या हातावर भिस्त ठेवून बसलेलो.

पहिलं बियाणं कोरडं ठणठणीत होऊन घरोघर गेलं. बियाणं पसरायचे तट्टे धुऊन सुकवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी राहिलेलं निम्मं पसरलं आणि पाणी सोडलं. दुपारच्या आत सीताबाई आली. आमच्याकडे बी साठवण्याआधी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीमागे ठेवतात आणि मोड येतो का बघतात. ते फडकं तिने मिस्त्रींसमोर सोडलं. दाणे नुसते फुगलेले. एकालाही मोड नाही.

"मिस्त्रीभाऊ, हे बी मेलं," ती म्हणाली. "साऱ्या घरी पाहून आली मी. साऱ्यायचं मेलं."

मिस्त्री एकदम कॉकपाशी गेले. मीही गेलो. पाइपला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मिस्त्रींनी त्याच पाइपवर पंजा ठेवला आणि मोजू लागले. पाच झाले, दहा झाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते शांतपणे मोजत होते. "ऊबच तं आहे," ते म्हणाले. मी त्यांचा हात ओढून काढला तेव्हा तळव्यावर फोड आले होते, आणि सदऱ्याच्या वर गेलेल्या बाहीखाली मनगटावर फिकट चट्टा होता.

सीताबाई दोन पावलं मागे सरली. मी खोलीचं पाणी बंद केलं.

"केव्हापासून, मिस्त्री?"

"दोन साल झाले असतीन," ते म्हणाले. "डाव्या हातापासून सुरू झालं. उजवा शाबूत आहे, असं मी समजत होतो. सांगतलं असतं तं पाइपले हात लावू देला असता का कोणी?"

कोणी दिला नसता. महारोग हा शब्दच तेव्हा लोक आवाज खाली करून उच्चारत. नाल्यांना पूर होता, नागपूरचा रस्ता बंद, थर्मामीटर कुठून आणणार? आत निम्मं बियाणं ओलं पडलेलं. मिस्त्री भिंतीला टेकून बसले आणि पोरासारखे रडले. मग उठले. मला म्हणाले, "तुमचा हात द्या मले. मी सांगतो, तुमी लावा."

मी तसाच घरी जाऊन बायकोला म्हणालो की लेकीला आंघोळ घालताना पाण्यात मलाही हात घालू दे. थोरली माझी तेव्हा सहा महिन्यांची. बायकोला वाटलं, यांचं डोकं फिरलं. पण त्या पाण्याची ऊब मी तळव्यात धरून ठेवली आणि तीन दिवस कॉकपाशी बसलो. मिस्त्री लांब उभे राहून विचारायचे, कसं लागतं? किती मोजेपर्यंत सोसवतं? मी सांगायचो, ते म्हणायचे, गार सोडा, केसभर. माझी चूक झाली की ओरडायचे. जेवण दुसऱ्या कोणी त्यांना आणून दिलं नाही. मी पत्रावळ लांब ठेवून यायचो.

ते बी जगलं. सीताबाईने पुन्हा फडकं बांधलं आणि मोड आलेले दाणे दाखवायला आली, पण दारातूनच. तेवढंच बी चाळीस घरांत वाटलं गेलं. पुढल्या साली कित्येक बांध्या विरळ पेरल्या, काही पडीत राहिल्या. मिस्त्रींना कोणी शिवी दिली नाही. त्यांनी हात लावलेले पान्हे तेवढे कोणी उचलले नाहीत.

दूरच्या एका दवाखान्यात जायला ते निघाले तेव्हा मी साकोलीला एसटीवर पोचवायला गेलो. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरने मला स्पष्ट सांगितलं होतं, गोळ्या सुरू आहेत, शिवल्याने काही होत नाही. मी शिकलेला माणूस. मला कळत होतं. गाडी लागली. मिस्त्रींनी सवयीने पट्टी बांधलेला हात माझ्या मनगटाकडे पुढे केला.

मी हात जोडले.

घरात तान्हं मूल आहे, असं मी स्वतःला सांगितलं. आजही सांगतो, पण ते पटत नाही. तीन दिवस त्या माणसाने माझ्या हातावर विश्वास ठेवला होता. आणि मी तो हात छातीशी धरून उभा राहिलो.

त्यांना कळलं. हात बाहीत ओढून घेतला आणि थोडं लांबूनच डोळे मिटले, मनगट धरल्यावर मिटायचे तसेच.

"ताप नाई तुमाले," ते म्हणाले. "बरे आहा."