पाठमोरा सिंह

गोट्लिब आएबीला पूर्वज होते, पण त्याला हवे तसे नव्हते. आजोबांनी शेळ्या राखल्या आणि बापाने जन्मभर दुसऱ्याचं चीज गाडीवर लादून खोऱ्यात वर-खाली नेलं. गोट्लिबने मात्र चीजच्या व्यापारात हात मारला, पोट पुढे आलं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गावच्या नेमबाज मंडळाचा अध्यक्ष झाला. अध्यक्षाने सभागृहाच्या खिडकीला एक रंगीत काच भेट द्यायची, आणि तिच्यावर घराण्याची खूण असलेल्या दोन ढाली काढून घ्यायच्या: डावीकडे स्वतःच्या घराण्याची, उजवीकडे बायकोच्या माहेरची. एमेंटाल खोऱ्यातल्या त्या गावात न्हाव्यालाही ढाल होती आणि तिच्यावर कात्री होती. कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे.

गोट्लिबला वाटला. आएबींची जुनी खूण म्हणजे शेळीचं शिंग. ते त्याने रद्द केलं आणि सिंह मागवला.

"ढालीची तांबडी जमीन म्हणजे पूर्वजांचं रक्त," तो बटाट्याच्या रोश्टीत काटा खुपसून सांगे. "सोनेरी सिंह म्हणजे शौर्य. तीन तारे म्हणजे सचोटी, श्रद्धा आणि..." तिसऱ्याचं त्याला दर वेळी नवीन काहीतरी सुचे.

फ्रेनी, त्याची बायको, ऐकून घेई. त्या पूर्वजांचं रक्त सांडलंच असेल तर घोळणा फुटून, असं तिचं मत होतं. आणि शौर्याचं म्हणाल तर शेजारचा हंस अंगावर आला तेव्हा हा गडी बायकोला पुढे ढकलून घरात पळाला होता. एकतीस वर्षांत तिला त्याचा राग येऊन येऊन संपला होता. आता नुसती कीव उरली होती, आणि तीही फारशी मायेची नव्हे.

पण ढालीच्या बाबतीत ती हटून बसली. तिचे वडील, म्हातारे श्टाल्डर, डोंगरावर गाई दोहायचे. त्यांच्या घराण्याची ढाल म्हणजे निळ्या जमिनीवर एका पायाचं स्टूल, गवळी कमरेला बांधून गाईगाईंतून फिरतात तसलं. तिला भाऊ नव्हता, तेव्हा नाव तिच्याबरोबरच संपणार होतं. पंचवीस वर्षं भरताच रिवाजाप्रमाणे वडिलांच्या कबरीवरचा दगडही काढून जागा दुसऱ्याला दिली गेली होती. या काचेवर नाही, तर वडील आता कुठेच राहणार नव्हते.

काच रंगवणाऱ्या ओटिलियाबाईंच्या कारखान्यात गोट्लिबने आराखड्यावर बोट आपटलं. "हे स्टूल काढा हो. गुलाब घाला."

"स्टूल राहील," फ्रेनी म्हणाली. "नाहीतर मी सभागृहात पाऊल टाकणार नाही. आणि कुणी विचारलं तर का ते सांगेन."

गोट्लिबने आराखड्यावरचं बोट मागे घेतलं. चारचौघांत शोभा होण्याला तो फार भ्यायचा.

"बरं, मग सिंहाचं तोंड बाईंच्या ढालीकडे वळवते," ओटिलियाबाई म्हणाल्या. "जोडढालीत नवऱ्याचं जनावर बायकोकडे बघतं. आदर म्हणून. रीतच आहे तशी."

"माझा सिंह गवळ्याच्या स्टुलाला मुजरा करणार? छट्! सिंह डावीकडेच बघतो. उजवीकडे वळला तर पळपुटा ठरतो, एवढं मलाही कळतं."

"मग त्याची पाठ बाईंकडे येईल."

"येऊ दे की!"

फ्रेनीच्या ते जिव्हारी लागलं. पण स्टूल राहत होतं, म्हणून तिने तेवढं चालवून घेतलं.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. गोट्लिबने शौर्यावर पाऊण तास भाषण ठोकलं आणि पडदा ओढला. मागच्या पायांवर उभा राहिलेला सोनेरी सिंह उन्हात झळाळला. शेपटी वर, बूड मागे, आणि बुडामागे नेमकं ते स्टूल.

"अरे, बसतोय की काय तो?" कुणीतरी पुटपुटलं.

"बसत नाही रे," बेकरीवाला सामी ओरडला, "दूध द्यायला उभा राहिलाय! बादली आणा, बादली!"

सभागृह खदखदून हसलं. पाद्रीबुवासुद्धा रुमालात तोंड खुपसून हसले. फ्रेनीला मात्र हसू आलं नाही. हसत होते सिंहाला, पण स्टूल तिच्या वडिलांचं होतं.

गोट्लिब बिटासारखा लाल झाला. "ती काच काढा! उलटी बसवा! तोंड स्टुलाकडे करा त्याचं!"

एवढा मोठा व्यापारी, पण काच उलटली की सगळंच उलटतं हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. दोघांनी चौकट काढून फिरवली. सिंहाचं बूड होतं तिथेच, स्टुलाकडे राहिलं. फक्त आता स्टूल डावीकडे, नवऱ्याच्या मानाच्या जागी आलं होतं, आणि आएबींचा सिंह उजव्या कडेने भिंतीकडे धूम ठोकत होता.

या खेपेला लोक हसलेही नाहीत. कुणी आपल्या बुटांकडे बघत होतं, कुणी छताकडे.

"परत फिरवा!" गोट्लिबचा आवाज चिरकला. "आधी होती तशी करा!"

फ्रेनी उठली. त्या सभागृहात ती आजवर कधी बोलली नव्हती.

"राहू द्या तशीच."

"अगं, पण तो पळतोय! दिसत नाही का तुला?"

"दिसतोय. एकतीस वर्षं दिसतोय," ती म्हणाली आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या ओटिलियाबाईंकडे वळली. "कडेने लांबी भरून काच पक्की करून घ्या. पुन्हा हलायला नको."