नको म्हणजे नको

परदेशातून काय शिकून आलात, असं मला कृपा करून विचारू नका. दमलोय मी ते सांगून सांगून. पण आता बसलाच आहात, तर ऐका. फक्त चहा हवा की नको ते आधी सरळ सांगा, कारण सगळं रामायण त्या एका 'नको'वरून झालं.

आमची मधुरा नोकरीला हॉलंडला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून बसली. मुलगा चांगला आहे, तक्रार नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघं नवराबायको व्याह्यांकडे आठवडाभर राहायला गेलो. व्याह्यांचं नाव हेंक. आमची ही पहिल्या दिवसापासून त्यांना हेंकराव म्हणते आणि तेही ओ देतात.

पहिल्याच जेवणाला विहीणबाईंनी बटाट्याच्या भाजीचं भांडं पुढे केलं. मी म्हटलं, "नको." म्हणजे इंग्रजीत म्हटलं. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पहिल्या नकोला काही अर्थ असतो का? समोरच्याने 'अहो, घ्या हो' म्हणायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, मग त्याने शपथ घालायची आणि आपण अगदी नाइलाज झाल्यासारखं ताट पुढे करायचं. विहीणबाई 'बरं' म्हणाल्या आणि भांडं आत ठेवून आल्या.

रोज तेच. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा उघडायचा, मी सवयीने नको म्हणायचो आणि डबा बंद. त्या झाकणाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. निघायच्या आदल्या दिवशी माझे गळ्याशी सैल झालेले शर्ट बघून मधुरा म्हणाली, "बाबा, इथे नको म्हणजे नको. हवं असेल तर हवं म्हणा ना."

पोटात कावळे ओरडत होते, तरी मला ते पटलं. काय सरळ माणसं! आपण जन्मभर खोटं खोटं नको म्हणत आलो. रत्नागिरीला परतलो तो ठरवूनच, की आपल्या घरात यापुढे आग्रह बंद.

पहिला प्रयोग शेजारच्या बापूवर केला. तो आला, बसला, "चहा नको, आत्ताच झाला" म्हणाला. मी दिला नाही. बराच वेळ तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसला आणि मग उठून गेला. त्यानंतर काही फिरकला नाही. मला वाटलं, कामात असेल.

आणि या डिसेंबरात व्याही आणि विहीणबाई आमच्याकडे आले. मधुरा आणि जावई कामासाठी मुंबईत मागे राहिले होते, ते दोन दिवसांनी येणार होते. आमच्या हिचा जीव टांगणीला लागलेला.

"मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा दारात येतायत," ती म्हणाली. "काही कमी पडलं तर पोरीला जन्माचं ऐकून घ्यावं लागेल."

"तू वाढ. बाकीचं मी बघतो," मी म्हटलं. परदेश मी पाहिलेला होता ना.

पहिल्या दिवशी घावने, नारळाचा रस, तळलेली सुरमई आणि सोलकढी. एकेक घावन संपलं तशी ही दुसरं घेऊन आली. विहीणबाईंनी ताटावर हात आडवा धरला. ही रेटून वाढणार, तेवढ्यात मी तिला अडवलं. "त्यांच्यात आग्रह चालत नाही. नको म्हणजे नको. ने आत."

ती घेऊन गेली. विहीणबाई त्या घावनाकडे ते दाराआड जाईपर्यंत बघत होत्या. मला वाटलं, जाळी आवडली असेल.

मग सुरमई आली. हेंकराव माझ्याकडे बघून हसले आणि चक्क मराठीत म्हणाले, "नको, नको." मला इतकं कौतुक वाटलं! त्यांची पाठ थोपटली आणि सुरमई आत पाठवली. रात्रीही तेच, सकाळी पोह्यांनाही तेच.

"अहो, माणसं अर्धपोटी उठतायत हो," ही आत डोळे पुसायला लागली. "मधुराला मी काय तोंड दाखवू? मेलं ते तुमचं हॉलंड."

"त्यांचा आहारच तेवढा. आणि किती फिरतात बघ." खरंच, जेवण झालं रे झालं की दोघं फिरायला निघायची. भारी चालायची सवय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीही मांडवीच्या किनाऱ्यावर चक्कर मारायला गेलो. तिथे वडापावच्या गाडीशी हेंकराव आणि विहीणबाई उभे. दोघांच्या हातात वडापाव. आणि त्यांना तिसरा घ्यायचा आग्रह कोण करत होता? बापू.

"काय हो," बापू म्हणाला, "यांनाही चहा मिळाला नाही वाटतं?"

गाडीभोवतीचे सगळे वळून बघायला लागले. मला तिथून समुद्रात चालत जावंसं वाटलं.

सकाळी मधुरा आली तेव्हा उलगडा झाला. तिनेच सासूसासऱ्यांना पढवून पाठवलं होतं, की कोकणात पहिल्यांदा वाढायला आले की लगेच हो म्हणू नका, हावरट दिसतं. तीनदा नको म्हणा, मग घ्या. ते आग्रह करतातच.

"आम्ही वाट बघत होतो," हेंकराव बिचारे म्हणाले. "पण तुमच्याकडे एका नकोतच संपायचं."

मधुरा माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, एकदा तरी 'घ्या हो' म्हणायचं होतं."

"तूच म्हणालीस, नको म्हणजे नको."

"ते तिकडे, बाबा."

दुपारी हिने पदर खोचून पुन्हा घावने घातली. शपथा घातल्या, आडवे हात बाजूला सारून वाढलं. हेंकरावांना घाम फुटला, पण चेहरा काय फुलला होता. माझ्या मुलीचं सासर राखलं तिने. मलाही भरून आलं. तेवढ्यात ती घावन घेऊन माझ्यापाशी आली आणि जन्माची सवय, मी म्हटलं, "नको."

तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, म्हणाली, "बरं," आणि ते घावन विहीणबाईंच्या पानात वाढलं.

तेव्हापासून सगळ्यांना आग्रह होतो, फक्त मला होत नाही. त्यामुळे हल्ली मीही जेवण झालं की मांडवीकडे फिरायला निघतो. भारी चालायची सवय लागली आहे.