साडेअकरा कुठल्या गावचे?

सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यासाठी मी अपॉइंटमेंटचं अ‍ॅप बनवलं, आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी पाचचे सगळे पेशंट सकाळी साडेअकराला येऊन बसले. "आत्ता सुधारा, नाहीतर अ‍ॅप बंद," डॉक्टर म्हणाले.

मी बाकावर लॅपटॉप उघडून घामाघूम. शेजारच्या पेशंटबाई मटार सोलत होत्या. गळ्यातलं आयटी कंपनीचं ओळखपत्र उलटं झालेलं, त्यामुळे नाव काही कळलं नाही. प्रत्येक शेंगेतला पहिला दाणा त्या तोंडात टाकायच्या. सर्व्हरकडून फोनला जाणारा मजकूर, म्हणजे आमच्या भाषेत जेसन, त्यांनी तिरक्या नजरेनेच वाचला.

"वेळ बरोबर आहे हो. ग्रिनिचचे साडेअकरा म्हणजे आपले पाच. पण गाव कुठे लिहिलंय? नुसत्या वेळेवर पत्रिकासुद्धा मांडत नाहीत."

खरंच की! वेळेचा जेसन करताना आकड्यांमागची ग्रिनिचची खूण मीच गाळली होती. ती जोडली, आणि बाकावरच्या एकेका फोनवर पाच उमटले.

"जमलं!" मी ओरडलोच.

"छान. मग मी घरी जाऊन उसळ टाकते," म्हणत त्यांनी पिशवी उचलली. त्यांच्यामागे सगळे उठले.

डॉक्टरांनी दार उघडलं. "पेशंट कुठायत?"

"पाचला येतील," मी छाती फुगवून सांगितलं.